सामूहिक कार्याचा प्रवाह आणि आलेखांची साक्ष

१. प्रास्ताविक

भाषा आणि विद्या यांच्या क्षेत्रातील मोठी कामे एकट्याच्या हातून क्वचितच पूर्ण होतात. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२०च्या दशकात प्रसिद्ध झाले, ते एका संघटित मंडळाच्या श्रमांतून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. त्याच शहरातील डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभिलेला संस्कृत महाकोश आजही चालू आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली वाचकांच्या हाती आला. या सर्व उपक्रमांत लेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक अशा अनेकांच्या हातांतून एकच मजकूर पुढे सरकत जातो. अशा कार्याची विद्वत्तेच्या अंगाने चर्चा पुष्कळ होते; ते काम हातातून हातात कसे जाते, कोठे थांबते आणि का थांबते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

दिरंगाई झाली की दोष व्यक्तीवर ठेवण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. ‘अमुक परीक्षक संथ आहेत’, ‘अमुक लेखक वेळ पाळत नाहीत’ अशी वाक्ये प्रत्येक कार्यालयात ऐकू येतात. ती खरी आहेत की नाहीत हे ठरविण्याचे साधन मात्र बहुधा कोणापाशीच नसते. सामूहिक कामाचे मापन करणारे आलेख हे असे एक साधन होय. हे आलेख कसे काढावेत, त्यांतून काय वाचावे आणि काय वाचू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. आलेखांची पूर्वपीठिका

कामाचे वेळापत्रक रेषांनी दाखविण्याची कल्पना पोलंडमधील अभियंता कॅरोल अदामिएत्स्की याने १८९६च्या सुमारास मांडली; परंतु ती प्रसिद्धीस आली अमेरिकेतील हेन्री गँट (१८६१–१९१९) याच्या नावाने. गँटच्या प्रारंभीच्या तक्त्यांचे स्वरूप लक्षणीय आहे. १९१० साली प्रकाशित झालेल्या त्याच्या ग्रंथातील तक्त्यांत प्रत्येक कामगाराची एक ओळ असे. दिवसाचे नेमून दिलेले काम पुरे करून ज्याने बक्षिसी मिळविली त्याच्यापुढे काळी खूण, ज्याने मिळविली नाही त्याच्यापुढे तांबडी. म्हणजे आलेखाचा हा पहिला अवतार व्यक्तीची पारख करणारा होता.

१६ मे १९२४ रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शेवार्ट याने आपल्या वरिष्ठांना एक छोटेखानी टिपण सादर केले. त्यात पहिला नियंत्रण-आलेख होता. शेवार्टने विचारलेला प्रश्न निराळाच होता. मोजलेल्या आकड्यांत चढउतार तर नेहमीच असणार. मग त्यांपैकी कोणते चढउतार कामाच्या पद्धतीतच मुरलेले आहेत आणि कोणत्यांना एखादे विशिष्ट, शोधून काढता येण्याजोगे कारण आहे? पहिल्या प्रकारच्या कारणांना सामान्य कारणे आणि दुसऱ्या प्रकारच्या कारणांना विशेष कारणे असे म्हणता येईल. या भेदावर पुढील काळातील गुणवत्ता-नियंत्रणाची सारी इमारत उभी राहिली.

या विचाराचा भारताशी संबंध लवकरच आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून शेवार्ट १९४७-४८ साली भारतात आला होता. जपानमध्ये ज्या व्याख्यानांनी एडवर्ड्स डेमिंगचे नाव दुमदुमले ती व्याख्याने १९५० सालची, हे ध्यानात घेतले म्हणजे या भेटीचे महत्त्व कळून येते. पुढे १९५३ साली टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस याने अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत एक प्रयोग केला. स्वयंचलित मागांच्या खात्यात कामांची अतिशय बारीक विभागणी झाली होती आणि कोणत्याही मागाची संपूर्ण जबाबदारी कोणा एका गटाकडे नव्हती. राइसने मागांचे समूह पाडून प्रत्येक समूह एका लहान कार्यगटाकडे सोपविण्याची व्यवस्था सुचविली. तीच यंत्रे असताना उत्पादन सुधारले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले. ही हकीगत त्याने १९५८ साली ग्रंथरूपाने मांडली. मापनाचा एकक व्यक्ती नसून गट व त्याच्या कामाची रचना हाच असला पाहिजे, हा या प्रयोगाचा बोध होय.

३. चार राशी

कोणत्याही सामूहिक कामाच्या प्रवाहात चार राशी मोजण्याजोग्या असतात. एका ठराविक काळात किती नगांचे काम पूर्ण होऊन बाहेर पडते तो निर्गम-वेग. एखाद्या क्षणी सुरू झालेले पण पूर्ण न झालेले जेवढे काम असते ते हातातील काम. एक नग आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत लागणारा काळ तो प्रवाहकाल. आणि पुढच्या टप्प्यावरून मागच्या टप्प्याकडे दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या नगांचे प्रमाण हे परतीचे प्रमाण.

पहिल्या तीन राशींत एक सोपा संबंध आहे. जॉन लिटल याने १९६१ साली त्याची सर्वसाधारण सिद्धता दिली. दीर्घकाळाचा विचार करता, प्रवाह स्थिर असेल तर, हातातील कामाची सरासरी ही निर्गम-वेग आणि सरासरी प्रवाहकाल यांच्या गुणाकाराइतकी असते. म्हणून हातातील कामास वेगाने भागले की प्रवाहकाल मिळतो.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित कोश-कार्यालय घेऊ. तेथे दर आठवड्यास सरासरी १० नोंदी लेखनासाठी घेतल्या जातात आणि सरासरी १० नोंदी मान्य होऊन मुद्रणास जातात. एखाद्या दिवशी मोजणी केली असता पुढीलप्रमाणे ६० नोंदी हातात आढळल्या: लेखन चालू असलेल्या ८, परीक्षणाच्या प्रतीक्षेत ३४, परीक्षण चालू असलेल्या ६, संपादकीय मान्यतेच्या प्रतीक्षेत १० आणि संपादकांच्या हाती २. ही मोजणी नेहमीच्या परिस्थितीची निदर्शक आहे असे धरले, तर सरासरी प्रवाहकाल ६० भागिले १०, म्हणजे ६ आठवडे येतो.

हाच भागाकार टप्प्याटप्प्याने करता येतो. लेखन, परीक्षण आणि मान्यता या तीन टप्प्यांत मिळून १६ नोंदी आहेत; त्यांचा काळ १.६ आठवडे. दोन प्रतीक्षांत मिळून ४४ नोंदी आहेत. त्यांचा काळ ४.४ आठवडे. म्हणजे एकूण काळाच्या सुमारे २७ टक्के काळच नोंद कोणाच्या तरी हाताखाली असते; उरलेल्या ७३ टक्के काळात ती नुसती पडून राहते. आता ‘लेखकांनी अधिक वेगाने लिहावे’ असा आदेश काढला तर काय होईल? लेखनाचा सारा काळ ०.८ आठवडा आहे. तो निम्मा केला तरी ६ आठवड्यांतून ०.४ आठवडाच वाचेल. आणि परीक्षणाचा वेग तोच राहिल्यास तोही परीक्षणाच्या रांगेत खर्च होईल. दिरंगाई माणसांच्या कामात नसून दोन माणसांच्या मधल्या जागेत आहे, हे एवढ्या साध्या हिशेबाने उघड होते.

४. संचयी प्रवाह-आलेख

एका दिवसाची मोजणी स्थिर चित्रासारखी असते. प्रवाह दिसावयाचा तर संचयी प्रवाह-आलेख काढावा लागतो. आडव्या अक्षावर दिवस अथवा आठवडे घ्यावेत. उभ्या अक्षावर, आरंभापासून त्या दिवसापर्यंत प्रत्येक टप्प्यात प्रवेश केलेल्या नोंदींची एकूण संख्या मांडावी. प्रत्येक टप्प्याची एक, अशा चढत्या रेषा मिळतात. सर्वांत वरची रेषा आत आलेल्या नोंदींची आणि सर्वांत खालची पूर्ण झालेल्या नोंदींची असते. एकूण संख्या कधी घटत नसल्यामुळे कोणतीही रेषा खाली उतरत नाही. उतरली तर मोजणीत चूक आहे असे समजावे.

हा आलेख तीन प्रकारे वाचता येतो. वरच्या व खालच्या रेषांमधील उभे अंतर म्हणजे त्या दिवसाचे हातातील काम. त्याच दोन रेषांमधील आडवे अंतर म्हणजे स्थूलमानाने प्रवाहकाल. खालच्या रेषेचा चढ म्हणजे निर्गम-वेग. सर्व पट्टे समांतर चालले असतील तर प्रवाह सुरळीत आहे. एखादा पट्टा उत्तरोत्तर रुंद होत असेल तर त्याच्या पुढील टप्प्याची क्षमता अपुरी पडत आहे. खालची रेषा काही काळ सपाट राहून एकदम जिन्याच्या पायरीसारखी चढत असेल, तर मान्यता गठ्ठ्यांनी दिली जात आहे. महिन्याच्या अखेरीस एकदाच बैठक भरविणाऱ्या समित्यांच्या आलेखात अशा पायऱ्या हमखास दिसतात.

५. सरासरीचा भ्रम

प्रवाहकाल ६ आठवडे, म्हणजे ४२ दिवस, असे सांगितल्याने ऐकणाऱ्याची समजूत होते की बहुतेक नोंदी ४२ दिवसांच्या आसपास पूर्ण होतात. वस्तुस्थिती निराळी असू शकते. त्याच कार्यालयातील ११ नोंदींचे काळ चढत्या क्रमाने असे आहेत असे मानू: १६, १८, २१, २४, २६, २८, ३३, ३९, ५२, ८५ आणि १२० दिवस. त्यांची बेरीज ४६२ आणि सरासरी बरोबर ४२ येते. परंतु मध्यक, म्हणजे मधली सहावी संख्या, केवळ २८ आहे. ११ पैकी ८ नोंदी सरासरीच्या आत पूर्ण झाल्या. तीन रेंगाळलेल्या नोंदींनी सरासरी वर ओढली.

म्हणून प्रवाहकालासाठी बिंदूंचा आलेख अधिक उपयुक्त ठरतो. आडव्या अक्षावर नोंद पूर्ण झाल्याची तारीख आणि उभ्या अक्षावर तिला लागलेले दिवस घेऊन प्रत्येक नोंदीचा एक बिंदू मांडावा. बिंदूंचा दाट थर कोठे आहे आणि एकटे पडलेले उंच बिंदू कोणते, हे नजरेत भरते. लेखकास अथवा वाचकास आश्वासन देताना सरासरी सांगण्यापेक्षा ‘११ पैकी ९ नोंदी ५२ दिवसांच्या आत पूर्ण होतात’ असे सांगणे अधिक प्रामाणिक होय. त्या तीन नोंदींची चौकशी स्वतंत्रपणे करावी. कदाचित त्या वादग्रस्त विषयावरील असतील, कदाचित त्यांस योग्य परीक्षकच मिळाला नसेल. शंभर शब्दांची चरित्रनोंद आणि वीस पानांची व्याप्तिनोंद एकाच मापाने मोजली जात असेल, तर आधी त्यांचे वर्ग पाडावेत.

६. नियंत्रण-आलेख आणि न्याय

आता पुढील १० आठवड्यांत पूर्ण झालेल्या नोंदींची संख्या पाहू: ९, १२, ८, ११, १०, ७, १३, १०, ९, ११. सरासरी १० आहे. सहाव्या आठवड्यात संख्या ७ वर आली तेव्हा कार्यालयप्रमुखांनी सर्वांकडून लेखी खुलासा मागविला. सातव्या आठवड्यात १३ नोंदी पूर्ण झाल्या. कानउघाडणीचा परिणाम झाला असे मानून त्यांनी समाधान व्यक्त केले. त्यानंतर संख्या १० आणि ९ झाली. ‘शाबासकी दिली की माणसे सैल पडतात’ असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हा निष्कर्ष तपासण्याचे साधन शेवार्टच्या परंपरेतून मिळते. लागोपाठच्या दोन आठवड्यांतील फरक, चिन्हाचा विचार न करता, लिहून काढावेत: ३, ४, ३, १, ३, ६, ३, १, २. त्यांची बेरीज २६ आणि सरासरी सुमारे २.८९. या सरासरीस २.६६ या ठरलेल्या गुणकाने गुणले की ७.६८ ही संख्या मिळते. ती मूळ सरासरीत मिळवून वरची मर्यादा १७.६८ आणि वजा करून खालची मर्यादा २.३२ ठरते. सरासरीची मध्यरेषा आणि या दोन मर्यादारेषा काढून दहाही बिंदू मांडले असता सर्व बिंदू मर्यादांच्या आत पडतात.

याचा अर्थ असा की ७ आणि १३ या दोन्ही संख्या एकाच पद्धतीतून, तिच्या अंगभूत चढउतारातून उपजलेल्या आहेत. ७ साठी वेगळा अपराधी नाही आणि १३ साठी वेगळा पराक्रमीही नाही. खालच्या टोकाला गेलेल्या संख्येनंतरची संख्या बहुधा सरासरीकडे वर येते, वरच्या टोकानंतरची बहुधा खाली येते. खुलासा मागविला नसता तरी हेच घडण्याचा संभव होता. प्रमुखांना जो शिक्षेचा गुण आणि शाबासकीचा दोष वाटला, तो आकड्यांचा स्वभाव होता. एका कार्यालयातील चार माणसांनी खुलासे लिहिण्यात घालविलेला वेळ हे या चुकीचे लहान मोल होय. त्यांच्या मनात रुजलेला अविश्वास हे मोठे.

डेमिंग आपल्या परिसंवादांत हीच गोष्ट मण्यांच्या प्रयोगाने पटवून देई. पेटीत पांढरे आणि तांबडे मणी एकत्र असत. तांबड्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश. श्रोत्यांतून निवडलेले ‘कामगार’ ५० खळग्यांची फळी पेटीत बुडवून ५० मणी काढीत. तांबडा मणी म्हणजे सदोष माल. कोणाला सहा-सात तांबडे येत, कोणाला तेरा-चौदा. डेमिंग गंभीर चेहऱ्याने एकास बढती देई, दुसऱ्यास ताकीद देई, तिसऱ्यास काढून टाकी. श्रोते हसत, आणि मग आपापल्या कार्यालयातील वार्षिक मूल्यमापने आठवून त्यांचे हसू थांबावे, हाच त्या प्रयोगाचा हेतू होता. पेटीतील मणी बदलण्याचा अधिकार कामगाराकडे नसतो, तो व्यवस्थापनाकडे असतो.

याउलट समजा अकराव्या आठवड्यात केवळ २ नोंदी पूर्ण झाल्या. हा बिंदू खालच्या मर्यादेच्या बाहेर आहे. येथे कारण शोधलेच पाहिजे. चौकशीत असे निघते की तीनपैकी दोन परीक्षकांना त्या आठवड्यात निवडणुकीच्या कामावर पाठविण्यात आले होते. हे विशेष कारण होय. त्यावरील उपायही विशिष्ट असेल: अशा काळासाठी बाहेरील परीक्षकांची यादी तयार ठेवणे. आलेखाचा उपयोग असा दुहेरी आहे. विचारू नये तेथे तो विचारणाऱ्यास थांबवितो, आणि विचारावे तेथे विचारण्यास भाग पाडतो.

७. मापनाकडून सुधारणेकडे

सामान्य कारणांतून आलेले फळ बदलावयाचे तर पद्धत बदलावी लागते. कल्पित कार्यालयात अडथळा परीक्षणापाशी आहे. तेथे असा नियम करता येईल की परीक्षणाच्या प्रतीक्षेत १५ पेक्षा अधिक नोंदी ठेवावयाच्या नाहीत. रांग त्याहून मोठी असेल तोवर लेखकांनी नवी नोंद हाती न घेता एकमेकांच्या नोंदींतील संदर्भ, तारखा आणि शुद्धलेखन तपासून परीक्षकांचा भार हलका करावा. हातातील कामास मर्यादा घालण्याचे हे तत्त्व जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो याने कार्डांच्या पद्धतीने रूढ केले. पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संगणक-प्रणाली लिहिणाऱ्या कार्यगटांनी ते स्वीकारले.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. केवळ मर्यादा घातल्याने नोंदी नाहीशा होत नाहीत. त्या दाराबाहेर थांबतात. लेखकांच्या साहाय्यामुळे परीक्षणाचा आणि त्यापुढे मान्यतेचा वेग खरोखर वाढला, तरच प्रवाहकाल घटेल. समजा दर आठवड्यास १० ऐवजी १२ नोंदी बाहेर पडू लागल्या आणि आत येणाऱ्या १०च राहिल्या. मग ३४ आणि १५ यांमधील १९ नोंदींची तफावत सुमारे १० आठवड्यांत भरून निघेल. नंतर वेग पुन्हा १० वर स्थिरावला तरी हातातील काम ४१ आणि प्रवाहकाल ४.१ आठवडे होईल. मर्यादेचा नियम पाळला गेला तर रांग पुन्हा फुगणार नाही.

सुधारणा झाली की नाही याचा निर्णयही आलेखावरच करावा. एका चांगल्या आठवड्यावरून विजय घोषित करणे ही मागच्याच चुकीची दुसरी बाजू झाली. रूढ नियम असा की लागोपाठ ८ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूस पडले, तर पद्धत खरोखर बदलली आहे असे मानावे आणि नव्या आकड्यांवरून नव्या मर्यादा काढाव्यात. परतीचे प्रमाणही त्याच वेळी पाहावे. वेग वाढला आणि परत येणाऱ्या नोंदीही वाढल्या, तर काम पुढे गेले नसून केवळ फिरत राहिले आहे.

८. मापनाच्या मर्यादा

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट याने १९७५ साली चलननीतीच्या संदर्भात केलेल्या एका निरीक्षणाचा सारांश असा की, एखाद्या मापास नियंत्रणाचे साधन बनविले की त्याचे माप म्हणून असलेले मूल्य ढासळते. नोंदींच्या संख्येवर बढती ठरू लागली की लेखक लहान नोंदी आधी उचलतील आणि कठीण नोंदी मागे पडतील. प्रवाहकालावर ठरू लागली की नोंद हाती घेतल्याची तारीखच उशिरा लिहिली जाईल. आलेख सुंदर दिसेल; कोश मात्र दुबळा होईल. यात अप्रामाणिकपणापेक्षा भीतीचा वाटा मोठा असतो. ज्या आकड्याने आपल्यावर संकट येईल तो आकडा कोणीही सरळ लिहीत नाही.

आज संगणकावर चालणाऱ्या कार्यालयांत प्रत्येक कागदाची आवक-जावक आपोआप नोंदली जाते आणि हे सर्व आलेख क्षणार्धात पडद्यावर उमटतात. त्यामुळे आलेख काढण्याचे श्रम संपले, वाचण्याची जबाबदारी वाढली. तीच सामग्री व्यक्तिवार मांडून गँटच्या जुन्या काळ्या-तांबड्या खुणांकडे परत जाणे आता अतिशय सोपे झाले आहे. म्हणून काही पथ्ये आरंभीच ठरविणे इष्ट होय. आलेख कार्यगटाचा असावा, व्यक्तीचा नसावा. तो गटाने स्वतः भरावा आणि स्वतः वाचावा. त्याचा संबंध वेतन वा बढती यांच्याशी जोडू नये. आणि प्रत्येक आलेखाखाली, त्यावरून कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, ते एका वाक्यात लिहिलेले असावे. ज्या आलेखावरून कोणताच निर्णय घ्यावयाचा नाही तो भिंतीवरून काढून टाकावा.

९. समारोप

कोशकार्यात प्रत्येक शब्दास साधार व्युत्पत्ती मागितली जाते. पुराव्यावाचून अर्थ नोंदविला जात नाही. सहकाऱ्यांविषयी मत बनविताना मात्र हीच शिस्त सहज विसरली जाते. संचयी आलेख काम कोठे थांबते ते दाखवितो, बिंदूंचा आलेख सरासरीने झाकलेले सत्य उघड करतो आणि नियंत्रण-आलेख योगायोग व कारण यांतील सीमा आखून देतो. यांपैकी कोणताही आलेख काम करीत नाही. काम माणसेच करतात. पण ‘परीक्षक संथ आहेत’ असे लिहिण्यापूर्वी त्यांच्या मेजावरील ३४ नोंदी मोजल्या गेल्या, तर ते वाक्य बहुधा लिहिले जाणार नाही; त्याऐवजी त्यांना मदतनीस कसा द्यावा याचा विचार सुरू होईल.